'आम्ही' आणि 'आपण'
(मंडळाच्या मराठी वर्गाच्या पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



जबलपुरात रविवारचा मराठी वर्ग मी अनेक वर्षे चालविला. व्याकरण शिकविणाऱ्याच्या कपाळी लिहिलेला चिडचिडेपणा माझ्याही वाट्यास भरपूर आला. 'माझी पुस्तक हरवली', 'माझी मदत करा', 'मी त्याला बोललो की ये' अशी वाक्ये कानी पडली, की माझा आवाज चढे. वास्तविक 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, आणि हिंदीला नपुंसकलिंगच नाही. आठवडाभर शाळेत हिंदी बोलणाऱ्या मुलाचा यात अपराध कोणता? हे मला कळत होते. पण कळणे निराळे आणि न चिडणे निराळे.

शुद्धलेखनाबाबत तर आम्हा वडीलधाऱ्यांनी फार बोलूच नये. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. माझे वडील मात्र अखेरपर्यंत 'घरांत', 'नाहीं' असेच लिहीत. त्यांची पत्रे मी तपासावयास घेतली असती, तर एकही उत्तीर्ण झाले नसते!

एक चूक मात्र मी कधी सोडून दिली नाही. हिंदीत एकटा 'हम' जे काम करतो, ते मराठीत दोघे वाटून घेतात. ऐकणाऱ्याला सामावून घेतले तर 'आपण', वगळले तर 'आम्ही'.

एका उन्हाळ्यात माझी आई गावाहून आली होती. धाकट्या नातवाने तिला उत्साहाने सांगितले, "आजी, उद्या आम्ही भेडाघाटला जाणार!" दुसऱ्या दिवशी सारे तयार, आई मात्र जपमाळ घेऊन देवापाशी बसलेली.

"आई, अगं, निघायचं ना?"

"मी कशाला? तुम्ही जाणार आहात ना? जा, मी घर राखते."

शब्दांत राग नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले. नातू रडकुंडीला आला. खिडकीजवळची जागा त्याने आजीसाठीच ठरवून ठेवली होती. समजूत घालण्यात अर्धा तास गेला, तेव्हा कुठे तिने लुगडे बदलले. वाटेत तिनेच त्याच्याकडून 'आपण' घालून वाक्ये म्हणवून घेतली, आणि तीही न चिडता.

तेव्हापासून वर्गात 'माझी पुस्तक' मी दोन-तीन रविवार चालवून घेत असे. 'आम्ही' चुकला, की मात्र तिथल्या तिथे थांबवीत असे.