सिंह आणि वाघ : दोन राजांच्या दोन तऱ्हा
(नभोवाणीवरील भाषण)

उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकावर उतरलेल्या मराठी यात्रेकरूच्या कानी ‘शेर’ हा शब्द पडला, तर बोलणे सिंहाविषयी चालले आहे की वाघाविषयी, हे त्याला चटकन उमगत नाही. हिंदीच्या नित्य व्यवहारात दोघांनाही तो शब्द चालतो. मराठीने ही गल्लत टाळली. पण बिबळ्यालाही तिने वाघच म्हटल्यामुळे खऱ्या वाघाला ‘ढाण्या’ किंवा ‘पट्टेरी’ असे विशेषण जोडावे लागले. हा यात्रेकरू सिंहस्थासाठी आला असेल, तर पर्वणीचे नाव सिंह राशीवरून आलेले आणि ज्या शंकराच्या दर्शनाला जायचे त्याचे वस्त्र मात्र व्याघ्रांबर! श्रद्धेच्या राज्यात हे दोघे असे शेजारी नांदतात. रानात मात्र त्यांचे संसार अगदी निराळे आहेत, आणि हे निराळेपण केवळ कुतूहलाचा विषय नाही.

प्रथम देहयष्टी पाहू. आयाळ आणि पट्टे बाजूला ठेवले, तर दोघांचे सांगाडे इतके सारखे असतात की, जाणत्यालाच ते वेगळे ओळखता यावेत. आकाराचा मान मात्र वाघाकडे जातो. भारतातील पूर्ण वाढीचा नर वाघ साधारणपणे १८० ते २५० किलो भरतो; गीरचा नर सिंह १६० ते १९० किलो. वाघीण १०० ते १६० किलोंची, तर गीरची सिंहीण ११० ते १२० किलोंची. सिंह मोठा भासतो तो आयाळीमुळे. त्यातही गीरच्या सिंहाची आयाळ आफ्रिकेतील भाऊबंदांपेक्षा विरळ असते. तिच्यातून त्याचे कान सहज दिसतात. पोटाखाली लोंबणारी कातडीची घडी ही त्याची दुसरी खूण.

खरा भेद आहे तो राहणीत. वाघ हा एकांतप्रिय प्राणी. प्रत्येक वाघिणीचे स्वतःचे क्षेत्र असते आणि एका नराच्या क्षेत्रात अशा दोन-तीन वाघिणींची क्षेत्रे सामावतात. झाडांच्या बुंध्यांवरील ओरखडे आणि मूत्राचा गंध ही त्याची हद्दीची निशाणी. पिलांचा सांभाळ एकटी वाघीण करते. दीड-दोन वर्षांनी पिले आपापल्या वाटेने निघून जातात. शिकारही एकट्याचीच. दाट आडोशाने दबकत जवळ जायचे आणि थोड्या अंतरावरून झेप घ्यायची, ही त्याची रीत. पाण्याची त्याला मोठी आवड. उन्हाळ्यात ताडोबाच्या पाणवठ्यांत मानेपर्यंत बुडून बसलेले वाघ अनेकांनी पाहिले असतील.

सिंहाचे घर मात्र खरोखर एकत्र कुटुंब आहे, आणि ते चालते बायकांच्या नात्यावर. आई, मुली, मावश्या आणि बहिणी मिळून कळप होतो. मुली बहुधा घरीच राहतात. वयात येणाऱ्या मुलांना बाहेर पडावे लागते. एकीच्या पिलाला दुसरीने दूध पाजावे, यात सिंहिणींना काही वावगे वाटत नाही. नर बहुधा दोघे-तिघे जोडीने राहतात आणि संगनमताने हद्द राखतात. गीरमध्ये या व्यवस्थेला थोडे वेगळे वळण लागले आहे. तेथे भक्ष्य मुख्यतः चितळासारखे मध्यम आकाराचे आणि झाडीही अधिक. त्यामुळे कळप लहान असतात. नर सिंहिणींपासून वेगळे राहतात आणि समागमाच्या वेळी किंवा मोठी शिकार पडली असता एकत्र येतात.

या भेदाचे मूळ भूमीत आहे. उघड्या माळावर शिकार दुरून दिसते आणि मारलेले जनावर तरसांपासून राखावे लागते. तेथे संघटनेचा लाभ होतो. घनदाट रानात, विखुरलेल्या भक्ष्यावर एकट्याचेच पोट नीट भरते. परंतु एकत्र राहण्याची किंमतही असते. एकाला जडलेला रोग साऱ्या घराला ग्रासतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत कुत्र्यांपासून पसरणाऱ्या डिस्टेंपर रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. २०१८ साली त्याच रोगाने गीरमध्ये डोके वर काढले, आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. मे २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह आढळले. संख्या समाधानाची खरी. पण आशियातील सारे वन्य सिंह एकाच मुलखात आहेत. वाघ मात्र अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५, तर महाराष्ट्रात ४४४ वाघ होते.

सिंहाला दुसरे घर द्यावे, हा विचार नवा नाही. उज्जैन ज्या शिंद्यांच्या राज्यात होते, त्या घराण्यातील माधवराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतून सिंह आणवून ग्वाल्हेर संस्थानाच्या रानात सोडविले. ते गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले आणि तो प्रयोग फसला. १९५७ साली उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात गीरचे तीन सिंह सोडण्यात आले. त्यांचे अकरा झाले आणि पुढे तेही नाहीसे झाले.

तिसरा प्रयत्न कुनोचा. शतक पालटण्याच्या सुमारास त्या रानातील चोवीस गावे सिंहांसाठी उठविण्यात आली; त्यांतील बहुतेक कुटुंबे सहरिया आदिवासींची. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीरचे काही सिंह कुनोत नेण्याचा आदेश दिला. तरीही आजवर एकही सिंह तेथे गेलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आले ते नामिबियाचे आठ चित्ते.

रणथंबोरचे वाघ कुनोत उतरतात, मग सिंहांचे कसे निभावणार, अशीही शंका घेतली गेली. एकास एक गाठ पडली, तर वाघाचे वजन सरस ठरेल. पण सिंह बहुधा एकटा नसतो. शिवाय एकोणिसाव्या शतकापर्यंत मध्य आणि उत्तर भारतात दोघेही नांदत होते. वाघाने दाट झाडी धरावी, सिंहाने विरळ रान आणि माळ धरावा, अशी ती निसर्गाची वाटणी होती. दोन राजांना एका मुलखात राहता येते, हे या देशाने पूर्वी पाहिले आहे. ज्यांनी सिंहासाठी आपली शेते आणि घरे सोडली, त्या चोवीस गावांना मात्र तो सिंह अद्याप दिसायचा आहे.