पहिले घमेले कोणी उचलावे?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव एकेकाळी दुष्काळ व दारूभट्ट्या यांनी खचले होते. यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा भट्टीत गेली. सन १९७५ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःच्या पुंजीतून मंदिराचे काम सुरू केले. ते पाहून लोक श्रमदानास आले. पुढे त्याच मंदिरात बसून गावाने दारूबंदी ठरविली. पाणी अडविण्याची कामे सर्वांनी मिळून केली.

यातून म्होरक्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिले घमेले स्वतः उचलावे. निर्णय मात्र सर्वांना बसवून घ्यावा. तिसरी गोष्ट आमच्या कचेरीतली. ज्या टेबलावर साहेब शिपायाचेही ऐकून घेतात, तेथे चूक दडत नाही आणि टपाल तुंबत नाही. समितीनेही हिशेब विचारणाऱ्यास विरोधक समजू नये.

कळस चढला. या कामासाठी एकत्र आलेल्या वरच्या व खालच्या आळीने उद्या विहिरीचा गाळही एकत्र काढला, तर जीर्णोद्धार पुरा झाला असे मी समजेन.