शाळेत व्हीआर आलं, पण हेडसेट काढल्यावर काय?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो आहे तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. बऱ्याच जणांचा प्रश्न थोड्याफार फरकानं एकच आहे. "आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेत, शाळेला व्हीआर लॅब द्यायची म्हणतायत. द्यावी का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर थ्रीडी ग्राफिक्सचा कोड लिहिते, आणि गेली दोन वर्षं अधूनमधून शनिवारी हेडसेटची बॅग घेऊन शाळांमध्ये जाते. म्हणजे मला ही गोष्ट आवडते, हे आधीच सांगून टाकते. तरीही माझं उत्तर सरळ "हो" असं नाहीये.

आधी ही वस्तू करते काय ते बघू. हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसतात. दृश्य एकच, पण किंचित वेगळ्या कोनातून. मेंदू ती दोन्ही जोडतो आणि आपल्याला अंतराची जाणीव होते, हे जवळ, ते लांब. तुम्ही मान वळवली की सेन्सर ते पकडतो आणि चित्र त्याप्रमाणे फिरतं. हे सगळं साधारण २० मिलिसेकंदांच्या आत व्हायला लागतं. उशीर झाला की पोटात ढवळायला लागतं.

आणि उशीर न होताही ढवळू शकतं. आपल्याकडे "गाडी लागते" म्हणतात ना, तेच. घाटात एसटीमध्ये मोबाईल वाचत बसलात की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण वळतोय. डोळे म्हणतात, छे, समोर तर अक्षरं स्थिर आहेत. व्हीआरमध्ये बरोबर उलटं. डोळे म्हणतात धावतोय, कान म्हणतो बाकावर बसलोय. म्हणून शाळेत जाऊन पहिलाच डेमो रोलरकोस्टरचा दाखवणाऱ्यांवर माझा राग आहे. वर्ग किंचाळतो, व्हिडिओ भारी येतो, एखाद्याला उलटी होते आणि त्या दिवशी पुढं कुणी काही शिकत नाही. शाळेत दाखवायचं तर मूल एका जागी बसलेलं किंवा उभं हवं, दृश्यही जागेवर हवं, फिरायची ती फक्त मान.

बरं, समजा उलटी झाली नाही. मग शिकणं होतं का?

२०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसमधले जोसेलिन पॅराँग आणि रिचर्ड मेयर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना हेडसेट घालून रक्तातून आणि पेशीच्या आत फिरवून आणलं. बाकीच्यांना तोच मजकूर साध्या स्लाइड्सवर दिला. मजा कुणाला जास्त आली? अर्थात हेडसेटवाल्यांना. चाचणीत मार्क कुणाला जास्त? स्लाइड्सवाल्यांना!

पुढच्या वर्षी डेन्मार्कमधल्या गुइडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला, मेयर त्यातही होते. कॉलेजचे ५२ विद्यार्थी, प्रयोगशाळेचं एकच सिम्युलेशन, एकदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणि एकदा हेडसेटमध्ये. हेडसेटमध्ये "मी तिथंच आहे" असं जास्त वाटलं आणि शिकणं कमी झालं. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजलं तेव्हा मेंदूवरचा ताणही हेडसेटमध्ये जास्त निघाला.

यात मला आश्चर्य वाटत नाही. जत्रेत पहिल्यांदा आकाशपाळण्यात बसलेल्या पोराला खाली उतरल्या उतरल्या विचारा, पाळण्याला एकूण खुर्च्या किती होत्या? तो सांगणार नाही. त्याचं लक्ष नव्हतं असं नाही, लक्ष भलतीकडेच होतं.

पण पॅराँग आणि मेयर यांच्या त्याच अभ्यासाचा दुसरा भाग फार कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरा माल तिथंच आहे. त्यांनी व्हीआरचा धडा तुकड्यांत तोडला. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर थांबवून, आत्ता काय पाहिलं ते आपल्या शब्दांत मांडायला लावलं. दुसऱ्या गटानं न थांबता सगळं पाहिलं. थांबून मांडणाऱ्यांनी चाचणीत जास्त चांगलं केलं, आणि त्यांचा उत्साहही कमी झाला नाही.

मध्येच एक गोष्ट, म्हणजे मी एकतर्फी बोलतेय असं वाटायला नको. हाताला सवय लावायची असेल तिथं गणित वेगळं आहे. येल विद्यापीठातला २००२ चा अभ्यास बघा. १६ शिकाऊ सर्जन, दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया. ज्यांनी आधी सिम्युलेटरवर सराव केला त्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के जलद केलं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्या जागी भाजण्याची शक्यता पाचपट होती. ते हेडसेट नव्हतं, पडद्यावरचा सिम्युलेटर होता, पण खोट्या शरीरावर हात बसवून खऱ्या शरीराला वाचवणं ही कल्पना तीच. आपण मात्र आज आठवीच्या वर्गाबद्दल बोलतोय.

तर आता आठवीचा वर्ग. मुलं ४०. हेडसेट ५. प्रत्येकाला १० मिनिटं द्यायची, पट्टा आवळणं, चष्मा सांभाळणं, "मॅडम, काहीच दिसत नाही" याला २ मिनिटं. आठ फेऱ्या, ९६ मिनिटं. तास असतो ३५ मिनिटांचा. म्हणजे जवळजवळ तीन तास जाणार, आणि प्रत्येक वेळी ३५ मुलं बाहेर बसून काय करणार? दंगा.

हे गणित एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी माझ्यासमोर फळ्यावर मांडलं आणि त्यांनीच सोडवलं. आठ-आठ मुलांचे पाच गट केले. विषय होता हृदय. गटातल्या एकानं हेडसेट घालायचं, दोनच मिनिटं, आणि दिसतंय ते सांगायचं. बाकीच्या सातांच्या हातात कागद, त्यांनी ऐकून चित्र काढायचं. मग पुढच्याची पाळी. बदलायला एक मिनिट धरलं तरी २४ मिनिटांत आठही जणांचं बघून झालं. बघायला ही सरळ आंधळी कोशिंबीर होती. डोळे बांधलेला एक जण मधे हात हलवतोय, आणि त्यालाच तेवढं दिसतंय!

गंमत अशी की घालणाऱ्याला बोट दाखवून "हे बघ" म्हणता येत नाही. शब्द शोधावाच लागतो. एका मुलीला दोन कप्प्यांमधली झडप दिसली. ती म्हणाली, "इथं दार आहे, पण एकाच बाजूला उघडतंय." गटातून आवाज आला, म्हणजे कसं? ती थोडी अडली, आणि म्हणाली, "आपल्या विहिरीच्या मोटारीला खाली फुटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर घेतो पण परत खाली सोडत नाही. तसं." सातही पेन्सिली एकदम चालायला लागल्या. त्या गावात फुटव्हॉल्व्ह कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लगेच एका मुलाचा प्रश्न आला. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पाणी उतरून जातं, मग हृदयाचा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही तर? बाईंनी उरलेला तास त्यावरच घेतला. झडप गळायला लागली की रक्त मागं येतं, हृदयाला तेच काम पुन्हा करावं लागतं, माणसाला धाप लागते.

ॲप बनवणाऱ्यानं यातलं काहीही त्यात टाकलेलं नव्हतं. आणि हेडसेट नसतं तर ती मुलगी त्या दारासमोर उभीही राहिली नसती. मला दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या वाटतात.

आता पैशांकडे येते, कारण तुमचा प्रश्न तोच होता. तुमच्यापैकी काहींनी गुगलचं कार्डबोर्ड वापरलं असेल. २०१४ मध्ये आलं. पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगं, मधे आपला फोन. २०१५ मध्ये गुगलनं शाळांसाठी एक्स्पिडिशन्स जाहीर केलं. माझ्या मते वर्गासाठी बनलेलं हे सगळ्यात शहाणं व्हीआर होतं. शिक्षकाच्या हातात टॅब, मुलांच्या डोळ्यांवर पुठ्ठा. बाईंनी टॅबवर बोट ठेवलं की मुलांना बाण दिसायचा, इकडे बघा. कोण कुठं बघतंय ते बाईंना टॅबवर छोट्या चेहऱ्यांनी कळायचं. सहल आधी डाउनलोड केलेली असली की वर्गात राउटरवर चालायचं, इंटरनेट लागत नव्हतं. अशा ९०० च्या आसपास सहली जमल्या होत्या.

३० जून २०२१ नंतर ॲप बंद. त्याच वर्षी मार्चमध्ये गुगलनं स्वतःच्या दुकानातून कार्डबोर्डची विक्रीही थांबवली होती. दृश्यं बरीचशी आर्ट्स अँड कल्चरमध्ये गेली, पण शिक्षकानं पूर्ण वर्गाला एकत्र फिरवायची सोय गेली. पुठ्ठा फाटला नव्हता, भिंगं फुटली नव्हती, फोन चालू होते. तरी धडा संपला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोजचं आहे, अमुक व्हर्जन आता सपोर्टेड नाही म्हणून मोकळे होतो. शाळेत मात्र ती वस्तू कपाटात जाते आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं तिची नोंद चालू राहते.

आमच्या दहावीच्या बॅचनंही दीड लाख जमवलेत, आणि ग्रुपवर पहिला सूर होता की सगळ्याचे हेडसेट घेऊ, उद्घाटनाला आमदारांना बोलवू. आमच्या शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला पाच नकोत, दोन द्या. पण बंद पडलं तर फोन कुणाला करायचा, ते आधी सांग."

सध्या आमचं असं ठरतंय. हेडसेट दोनच. एक बरा प्रोजेक्टर, म्हणजे घालणाऱ्याला दिसतंय ते भिंतीवर टाकता येईल. आंधळी कोशिंबीर खेळायची तेव्हा बंद ठेवायचा. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि फुकट आहेत, सी-डॅक आणि अमृता विद्यापीठाच्या ओलॅब्सचे प्रयोगही मराठीत मिळतात. त्यांना हेडसेट लागत नाही, प्रोजेक्टर पुरतो. एक तृतीयांश पैसे तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला. आणि बॅचमधल्या दोघांचे नंबर कपाटाच्या दारावर. या शेवटच्या मुद्द्यावर ग्रुप दोन दिवस एकदम शांत होता!

दोन बारीक गोष्टी. मेटानं आपल्या हेडसेटची वयोमर्यादा २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या ताब्यातल्या अकाउंटसह. म्हणजे पहिली ते चौथीच्या वर्गात ते नेऊच नका. आणि चेहऱ्याला लागणारा भाग प्रत्येक मुलानंतर पुसायचा, पण भिंगांना सॅनिटायझर लावायचं नाही, वरचा थर जातो. कोरडं मऊ फडकं पुरे.

ज्यांना जुने फोन आणि पुठ्ठा वापरून स्वस्तात करायचंय त्यांच्यासाठी, फोन गोळा करण्याआधी एक तपासा. खूप स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप नसतो, आणि तो नसला की मान फिरली तरी दृश्य नीट फिरत नाही. यूट्यूबच्या ॲपमध्ये कुठलाही ३६० डिग्रीचा व्हिडिओ लावा, बोट न लावता फोन हातात धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्या. दृश्य तुमच्याबरोबर फिरलं तर फोन चालेल. आत्ताच करून बघा, आणि कुठल्या फोनवर काय झालं ते मेसेज करा. पुढच्या भागात तीच यादी वाचून दाखवते.