कॅज्युअल्टीच्या दारातले प्रेक्षक

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागापुढे, ज्याला आपण सर्रास कॅज्युअल्टी म्हणतो त्या दालनापुढे, घटकाभर उभे राहिलेल्या माणसाच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ती ही की, आत रुग्ण एक असला तर बाहेर त्याचे आप्तस्वकीय दहा असतात, आणि त्या दहांचे चित्त दाराच्या काचेच्या चौकोनाला चिकटलेले असते. स्ट्रेचर आत गेले की दार मिटते, नातलगांनी बाहेर थांबावे असा हुकूम सुटतो, आणि पुढचे सारे बाहेर येणाऱ्या डॉक्टरांच्या मुद्रेवरून ताडावे लागते. अमेरिकेतील ‘ई.आर.’ या मालिकेने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला हे दार ओलांडून आत नेले. आणि आत गेल्याबरोबर तो रुग्णाचा नातलग झाला, असे माझे मत आहे. त्या मालिकेविषयी लोक जे बोलले, ज्यावर रुसले आणि ज्यावर भाबडेपणाने विसंबले, ते सर्व नातलगाची कैफियत म्हणून वाचले तरच नीट उमगते.

मालिकेची मूळ संहिता मायकल क्रायटन यांनी हार्वर्ड येथील आपल्या वैद्यकीय विद्यार्थिदशेच्या अनुभवांवरून १९७४ साली चित्रपटासाठी लिहिली होती. ती वीस वर्षे दप्तरात पडून राहिली, आणि अखेरीस स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या संस्थेच्या साहाय्याने १९ सप्टेंबर १९९४ रोजी एनबीसी वाहिनीवर मालिकेच्या रूपाने अवतरली. शिकागोतील एका सरकारी रुग्णालयाचे हे काल्पनिक चित्र पुढे पंधरा हंगाम चालले आणि ३३१ भागांनंतर २ एप्रिल २००९ रोजी समाप्त झाले. प्रसारणापूर्वी वाहिनीच्या अधिकाऱ्यांना धास्ती होती ती वेगाची आणि परिभाषेची: रक्ताच्या तपासण्यांची आणि औषधांची नावे पात्रे धावता धावता एकमेकांच्या अंगावर फेकत होती, आणि त्यांचा अर्थ सांगायला कोणी क्षणभरही थांबत नव्हते. प्रेक्षकाचे मात्र त्यावाचून काही अडले नाही. कॅज्युअल्टीबाहेर बसलेल्या माणसाला तरी डॉक्टरांचे शब्द कुठे कळतात? आवाज चढला की पडला, पावले धावत गेली की सावकाश परतली, एवढ्यावरून तो सारे जाणतो.

आता नातलग म्हटला की त्याचा अर्जही आलाच. पहिल्या भागात कॅरल हॅथवे ही परिचारिका विषारी मात्रेत औषध घेऊन आपल्याच विभागात, आपल्याच सहकाऱ्यांपुढे मरणासन्न अवस्थेत आणली जाते. तिने मरावे अशीच लेखकांची योजना होती. परंतु चाचणीदाखल हा भाग ज्यांना दाखवला त्यांना ती भावली, तिला जीवदान मिळाले, आणि ज्युलियाना मार्गुलीस ही भूमिका पुढे सहा हंगाम करीत राहिल्या. शोकनाट्याच्या दृष्टीने हा तह मला फारसा रुचत नाही, हेही सांगून टाकतो. मरणाच्या दारातून माणूस परत आणवता येतो, ही चटक प्रेक्षकाला तेव्हाच लागली.

तरीही या लेखकांनी एकदा असा प्रसंग लिहिला की ज्यात कोणाचाही अर्ज चालला नाही. ९ मार्च १९९५ रोजी प्रसारित झालेल्या त्या भागात दिवस भरत आलेली एक गरोदर स्त्री लघवीच्या किरकोळ तक्रारीसाठी येते, डॉक्टर मार्क ग्रीन मूत्राशयाच्या दाहाचे निदान करून तिला घरी जाण्याची परवानगी देतात, आणि रुग्णालयाच्या आवारातून बाहेर पडण्याआधीच मोटारीत तिला झटके येऊ लागतात. गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार निदानातून निसटलेला असतो. त्यानंतर मूल जन्माच्या वाटेवर खांद्यापाशी अडकते, प्रसूतितज्ज्ञ वेळेवर येत नाहीत, आणि ग्रीन यांना स्वतःच पोटावर शस्त्र चालवावे लागते. मूल वाचते, आई वाचत नाही. हा भाग लिहिणारे लान्स जेंटाइल हे स्वतः तातडीच्या वैद्यकाचे डॉक्टर. म्हणूनच की काय, चूक कोणत्या क्षणी झाली ते त्यांनी लपवले नाही, आणि तिचा डंकाही पिटला नाही. लेखनाचे आणि मिमी लेडर यांना दिग्दर्शनाचे एमी पारितोषिक मिळाले ते ठीकच. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की, घरात बसलेला प्रेक्षक येथे त्या स्त्रीच्या नवऱ्याच्या बाजूचा आणि डॉक्टरच्या बाजूचा एकाच वेळी होतो, आणि त्याला दोहोंपैकी कोणाविरुद्धही फिर्याद गुदरता येत नाही.

वैद्यकीय व्यवसायातील प्रेक्षकांची तक्रार निराळी होती, आणि ती दाखल झाली तीही थेट ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये. १९९६ साली डायम, लँटोस आणि टल्स्की या तिघांनी ‘ई.आर.’सह तीन कार्यक्रमांचे ९७ भाग पाहून हृदयक्रिया पुन्हा चालू करण्याचे ६० प्रयत्न टिपले. त्यांत तत्काळ वाचणारे शेकडा ७५ आणि जिवंत घरी जाणारे, कथेवरून दिसते त्याप्रमाणे, शेकडा ६७ भरले. वैद्यकीय नोंदींप्रमाणे मात्र रुग्णालयात हृदय थांबलेल्यांपैकी दीर्घकाळ जगणारे सरासरीने शेकडा साडेसहा ते पंधरा इतकेच होते. कारणही उघड आहे. पडद्यावर छाती दाबली जात होती ती बहुधा गोळी लागलेल्या तरुणाची वा अपघातात सापडलेल्या मुलाची. खऱ्या रुग्णालयात ती असते जुन्या हृदयविकाराने खंगलेल्या वृद्धाची. त्या वृद्धाचा मुलगा जेव्हा ‘काहीही करा, पण वाचवा’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातला हिशेब पडद्यावरून उचललेला असण्याचा संभव असतो.

उलट बाजूचाही दाखला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचा उल्लेख एका भागात आला, तेव्हा कैसर फॅमिली फाउंडेशनच्या पाहणीत त्याचे नाव ऐकलेल्या नियमित प्रेक्षकांचे प्रमाण शेकडा २४ वरून ४७ वर गेले, आणि सहा आठवड्यांत ३८ वर उतरले.

‘ई.आर.’मध्ये पहिल्या भागात बावरलेला विद्यार्थी म्हणून आलेले नोआ वायली २०२५ साली ‘द पिट’ या मालिकेत पिट्सबर्गच्या तशाच एका विभागाचे प्रमुख झाले; एक भाग म्हणजे पाळीचा एक तास, अशी तिची रचना. तिच्या आरंभीच्या भागांत एक वृद्ध आणला जातो, ज्याने श्वासनलिकेत नळी घालू नये असे आधीच लिहून दिलेले असते. मुलीला तो लेख मान्य होत नाही, नळी घातली जाते, आणि मग भावाबहिणीची समजूत घालून, बापाशी बोलायचे ते बोलून घ्यायला लावून, ती काढली जाते, म्हातारा जातो. १९९६ च्या त्या तक्रारीला इतके सविस्तर उत्तर मी अन्यत्र पाहिलेले नाही, आणि ते येथे डॉक्टरांना न देता नातलगांना दिलेले आहे. १९९४ साली हा प्रसंग कोणी लिहिता, तर म्हातारा बहुधा डोळे उघडून मुलीचे नाव घेता, आणि वाहिनीचे अधिकारीही त्यावर खूश होते.