रात्रीच्या लघवीचा हिशेब

आकाशवाणीने मला प्रोस्टेटवर बोलायला सांगितलं आहे. दवाखान्यात या विषयावर पुरुष स्वतः फारसे बोलत नाहीत. बोलतात त्या शेजारी बसलेल्या काकू. "रात्री चार-चारदा उठतात हो, डॉक्टर." काका तेवढा वेळ खाली मान घालून बसतात.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी, वजन साधारण 20 ग्रॅम. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. वयाबरोबर ग्रंथी वाढते आणि नळीवर दाब येतो. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही थेंब गळत राहतात. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पुन्हा सांगतो, ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे.

मात्र रात्री उठावं लागलं की दोष प्रोस्टेटचाच, असं धरून चालू नका. म्हणून मी सोनोग्राफीच्या आधी वही मागतो. साधी शाळेची वही आणि खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग. तीन दिवस, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिली लघवी झाली ते लिहायचं. पाणी, चहा, ताक किती घेतलं तेही लिहायचं.

एक निवृत्त एसटी कंडक्टर अशी वही घेऊन आले. हिशेबाची सवय, त्यामुळे रकाने आखलेले. दिवसभराची मिळून लघवी 700 मिली. रात्री मात्र 300, 350, 300 आणि सकाळी उठल्यावर 400. आता बघा, दर वेळी एवढी भरपूर लघवी होत होती, म्हणजे मूत्राशय नीट भरत होतं. मुळात लघवीच रात्री जास्त तयार होत होती. मी त्यांना मोजे काढायला सांगितले. घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ, बोटाने दाबलं की खड्डा पडत होता. दिवसभर पायात साचलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. या माणसाच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं असतं, तरी तो रात्री तितक्याच वेळा उठला असता! पायांवर सूज का आली ते शोधावं लागतं. हृदय तपासायचं, मूत्रपिंडं तपासायची, रक्तदाबाच्या गोळ्या बघायच्या. काही गोळ्यांनीही पाय सुजतात. शिवाय दुपारी पाय उंच ठेवून पडायचं, पापड-लोणचं कमी करायचं, संध्याकाळनंतरचा चहा बंद.

याउलट वहीत 60, 80, 50 असे आकडे दिवसरात्र दिसले, तर मग मूत्राशयाकडे आणि प्रोस्टेटकडे बघायचं. तेव्हा वही लिहा. तपासणीला येताना वही आणा.

आता थोडं रागावतो. लांबच्या प्रवासात लघवी लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिणं बंद करा. दाट लघवीने मूत्राशयाची जळजळ वाढते. दुसरं, सर्दी झाली की मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणू नका. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं किंवा मूत्राशयाचा जोर कमी होतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने अचानक पूर्ण अडू शकते, आणि मध्यरात्री नळी घालून घ्यायला धावावं लागतं. गोळी घेण्याआधी दुकानदाराला सांगा, मला प्रोस्टेट आहे. यात लाजण्यासारखं काय आहे?

प्रोस्टेटची शंका घेऊन येणाऱ्या तरुणांचं दुखणं वेगळं. तिशी-चाळिशीत ओटीपोटात, जांघेत, बसण्याच्या जागी महिनोन्‌महिने दुखतं. तपासणीत बहुतेकदा जंतू सापडत नाहीत, तरी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होतात. पुष्कळांमध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात. ते सैल सोडायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. कोमट पाण्याच्या टबात बसल्यानेही बरं वाटतं. मोबाइलवर बघून स्नायू आवळण्याचे व्यायाम मात्र करू नका, आखडलेलं आणखी आखडतं.

वेळ संपल्याची खूण झाली, कॅन्सरबद्दल भराभर सांगतो. पीएसए ही रक्ततपासणी. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. जंतुसंसर्गाने वाढतो, नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनेही वाढतो. पण रिपोर्ट कपाटात ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल, तर पन्नाशीच्या आधीच विचारा. आणि लघवीतून रक्त आलं, न दुखता आलं, एकदाच येऊन थांबलं, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.