देवाचा सातबारा आणि आपली नदी
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. धर्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी कागदाचे बोलतो.

आपल्या महादेवाच्या नावाने शेत आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव देवाचे आहे. पुजाऱ्याचे नाही, समितीचेही नाही. देव सही करीत नाही, तरी कायदा त्याला धनी मानतो. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, असे 1925 साली प्रिव्ही कौन्सिलनेही म्हटले. अज्ञान मुलाच्या नावापुढे आपण 'अ.पा.क.' लिहितो ना, तशातलाच हा प्रकार. देवाच्या वतीने वहिवाटदार बोलतो.

आता देवळाच्या पायऱ्यांखाली पाहा. नाग नदी लाव्हा टेकड्यांत उगम पावते, नागपूर शहरातून वाहते आणि शहराचे सांडपाणी घेऊन आपल्या दारी येते. पुढे ती कन्हानला मिळते. आजच्या अभिषेकाला पाणी विहिरीचे आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे नदी सरकारची. 1974 चा जलप्रदूषणाचा कायदाही आहे. पण त्यात नदी स्वतः फिर्यादी नसते.

न्यूझीलंडमध्ये माओरी लोक वांगानुई नदीला आपली पूर्वज मानतात. तेथील संसदेने 2017 साली त्या नदीला कायद्याने व्यक्ती ठरवले आणि तिच्या वतीने बोलायला दोन पालक नेमण्याची सोय केली, एक सरकारचा व एक त्या लोकांचा. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेविषयी तसाच निकाल दिला. पण पूर आला तर नुकसानभरपाई कोणी द्यायची, अशा अडचणी सरकारने मांडल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अडचण खोटी नव्हती, हेही कबूल केले पाहिजे.

पण पालकाला पाल्याचे म्हणणे कळले पाहिजे! आपल्याकडची जुनी ढिवर मंडळी पाण्याच्या आवाजावरून पूर ओळखीत. ते ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागेचे पाणी नागपुरात घराघरांत शिरले, माणसे दगावली. नंतर नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. अशा वेळी पाणी कुठवर चढले, वाट कुठे अडली, हे कागदावर दाखवावे लागते. "आम्हाला ठाऊक होते" एवढ्याने भागत नाही, हे मी वीस वर्षे कचेरीत पाहतो आहे.

म्हणून समितीला विनंती आहे की देणगीच्या पावतीपुस्तकाशेजारी नदीची एक वही ठेवावी. सकाळच्या पूजेला येणाऱ्याने दोन ओळी लिहाव्या व खाली सही करावी. वही मी आणली आहे. आजची नोंद केली आहे : पाणी चौथ्या पायरीला, रंग काळपट, फेस आहे, वास आहे, मासा दिसला नाही.