आखाजीचा झोका आणि संगणकाचा पडदा

आखाजीला खानदेशांत माहेरवाशिणींसाठीं झोके बांधले जातात, हें जळगांव-धुळ्याकडील श्रोत्यांस सांगावयास नको. समजा, धुळ्यांतील एखाद्या हौशी विद्यार्थ्यानें त्या झोक्याचाच खेळ संगणकावर रचावयाचें मनांत घेतलें. निंबाचें झाड, फांदीला दोर आणि झोक्यावर एक मुलगी. कळ नेमक्या क्षणीं दाबली तर झोका उंच जावा, चुकली तर मंदावावा. कल्पना सोपी आहे. परंतु झोका हलावयाचा म्हणजे चित्र कोनाकोनानें फिरावयाचें, आणि अडचण येथेंच सुरू होते.

चित्र फिरविणें म्हणजे त्याच्या प्रत्येक कोपऱ्याचें नवें स्थान काढणें. त्यासाठीं कोनाची भुजज्या व कोटिज्या हवी. मग चार गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी. हें गणित खानदेशास परकें नाहीं. चाळीसगांवाजवळ पाटण येथें देवीच्या देवळांत १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केला, त्याची ती नोंद होय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं ती विद्वानांच्या नजरेस आणिली. स्वतः आचार्य मूळचे कोठले, हा वाद येथें बाजूस ठेवलेला बरा. दोन कोनांच्या ज्यांवरून त्यांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत त्यांनीं ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत दिली. चित्र फिरविण्याचें सूत्र त्याच रीतीवरून काढतां येतें.

तेव्हां गणित जुनेंच आहे, भार मात्र नवा आहे. पुष्कळशा साध्या लॅपटॉपांचा पडदा रुंदींत १३६६ व उंचींत ७६८ ठिपक्यांचा असतो. म्हणजे एकंदर १०,४९,०८८ ठिपके. हालचाल गुळगुळीत दिसावयाची तर पडदा सेकंदास ६० वेळां नव्यानें रंगवावा लागतो. हा हिशेब सेकंदास ६ कोटी २९ लाख ठिपक्यांवर जातो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार मुकादमासारखा असतो. पडेल तें काम तो जाणतो. पण कपाशीचें सबंध शेत एकट्या मुकादमानें वेचावयाचें म्हटलें तर हंगाम सरेल. ग्राफिक्स कार्डांत हुशारी बेताची, पण हात पुष्कळ. वेचणीच्या बाया एकेक ओळ धरून निघाव्या, तसे त्यांतील लहान लहान गणक एकाच वेळीं आपापले ठिपके रंगवीत जातात. एका ठिपक्याचें काम शेजारच्यासाठीं सहसा अडून राहत नाहीं, म्हणूनच हें साधतें.

ही मदत हौशी माणसाच्या हातीं आली ती अलीकडे. हॉलंडांतील उट्रेख्त विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनीं १९९९ सालीं ‘गेम मेकर’ हें सॉफ्टवेअर लोकांपुढें ठेविलें. प्रोग्रॅम लिहिण्याची विद्या नसलेल्यासही त्यांत खेळ जुळवितां येत असे. २००४ सालच्या सहाव्या आवृत्तींत चित्रें रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाकडे सोंपविण्यांत आलें, आणि चित्र हव्या त्या कोनांत फिरविणें, अर्धपारदर्शक करणें या गोष्टी एका आंकड्यावर आल्या. मात्र ज्याच्या संगणकांत तसें कार्ड नव्हतें, त्याला ती आवृत्ति निरुपयोगीच होती. लहान मुलांच्या ‘स्क्रॅच’चेंही २०१९ पासून असेंच झालें, ग्राफिक्सची वेबजीएल ही सोय नसलेल्या ब्राउझरांत तें चालत नाहीं.

येथें दोष कोणाचा? प्रगतीचा म्हणणें सोपें आहे, पण तें खरें नव्हे. ज्या घरीं दहा वर्षांपूर्वीचा, कोणीतरी वापरून दिलेला संगणक आहे, त्या घरचा मुलगा कल्पनेनें गरीब नसतो. साधन घडविणाऱ्यानें जुनी वाट बुजविली कीं उघडी ठेविली, यावर त्याचें भवितव्य ठरतें. ‘गोदो’ हें फुकट मिळणारें साधन घडविणाऱ्यांनीं या बाबतींत शहाणपण दाखविलें. २०२३ च्या मार्चमधील चौथ्या आवृत्तींत त्यांनीं व्हल्कन ही नवी पद्धत आणिली, पण जुन्या व अशक्त यंत्रांसाठीं ओपनजीएलवर चालणारी साधी पद्धतही सोबत दिली. तिच्यांत छायाप्रकाशाचे कांहीं थाट मिळत नाहींत. आखाजीच्या झोक्याला ते लागतही नाहींत.

आणि तेवढेंही ज्या यंत्रास झेपत नाहीं, त्याच्यासाठीं कार्डांपूर्वीची युक्ति अजून शिल्लक आहे. झोक्याचीं वेगवेगळ्या कोनांतील सोळा चित्रें हातानें काढून ठेवावयाचीं आणि तीं एकामागून एक दाखवावयाचीं. यंत्राला ज्या काढावी लागत नाहीं. ती चित्रकाराच्या डोळ्यानेंच आधीं काढलेली असते. झोका थोडा अडखळत जातो खरा, पण फांदीपर्यंत पोंचतो.